हक्कांचे कागद व त्यांची दुसरी प्रत

बुलढाणें येथें राहणाऱ्या एका स्त्रीनें १८८२ सालीं एक लहानसें पुस्तक लिहिलें व तें पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यांत छापविलें. पुस्तकाचें नांव 'स्त्री-पुरुष तुलना'; लेखिकेचें नांव ताराबाई शिंदे. प्रती पांचशें, किंमत नऊ आणे. आज हें नांव आपल्या जिल्ह्यांत पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु मध्यंतरीं सुमारें नव्वद वर्षें अशीं गेलीं कीं, त्या काळांत हें पुस्तक असून नसल्यासारखेंच होतें. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं त्याची नवी आवृत्ति संपादून काढली, तेव्हां तें पुनः लोकांच्या दृष्टीस पडलें. १९९४ सालीं रोझालिंड ओहॅनलन या विदुषीनें त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें, आणि आतां परदेशांतील विद्यापीठांतही तें अभ्यासिलें जातें. पांचशें प्रतींपैकीं एखादी कोठें तरी तगून राहिली, म्हणून एवढें झालें. ती तगली नसती तर काय झालें असतें, ह्या प्रश्नापासून आम्ही आरंभ करितों. आणि त्याच अनुषंगानें, जगांत मनुष्याच्या हक्कांसाठीं झगडणाऱ्या संस्थांचे कागदपत्र कोण गोळा करितो, ते कसे राखले जातात, व आपल्यासारख्या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांस त्यांतून काय घेतां येईल, हें सांगण्याचा विचार आहे.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरींत हेडक्लार्क होते. सत्यशोधक समाजाशीं त्यांचा निकट संबंध होता. मुलीस त्यांनीं मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविलें. त्या काळीं वऱ्हाडांत ही गोष्ट किती विरळा होती, हें सांगावयास नको. १८८१ सालीं सुरतेच्या न्यायालयानें विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेस, स्वतःचें अर्भक मारल्याबद्दल, फांशीची शिक्षा सांगितली. अपिलांत ती शिक्षा काळ्या पाण्याची झाली व पुढें आणखी कमी होऊन पांच वर्षांवर आली. ह्या खटल्याच्या निमित्तानें 'पुणेंवैभव' पत्रांत स्त्रीजातीवर जी आग पाखडली गेली, ती वाचून ताराबाईंनीं लेखणी उचलली. जे दोष स्त्रियांच्या माथीं मारले जातात ते पुरुषांच्या ठायीं नाहींत काय, असा त्यांचा रोखठोक प्रश्न आहे. त्यांची भाषा धारदार आहे; घरांत बोलावी तशी आहे. पुस्तकावर टीका झाली तेव्हां जोतीराव फुले यांनीं १८८५ सालीं 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकांत त्यांची बाजू घेतली. ताराबाईंचें दुसरें पुस्तक निघालें नाहीं.

छापील पुस्तकाच्या बाबतींत मात्र एक गोष्ट अनुकूल होती. १८६७ सालच्या पंचविसाव्या कायद्यान्वयें, छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत सरकारांत द्यावी लागे, आणि सरकार दर तिमाहीस पुस्तकांची यादी छापीत असे. त्या यादींत छापखाना, प्रतींची संख्या व किंमत यांचे रकाने असत. हा कायदा विद्येच्या प्रेमापोटीं झाला, असें आम्हांस वाटत नाहीं. लोक काय छापतात ह्यावर नजर ठेवणें, हा त्यांतला मोठा भाग होता. परंतु नजर ठेवणाऱ्याच्या वहींतूनही पुढें इतिहास निघतो, आणि ह्याचें दुसरें एक उदाहरण पुढें यावयाचें आहे.

मानवी हक्कांचा कागद म्हणजे केवळ कायद्याचें पुस्तक नव्हे. १० डिसेंबर १९४८ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें पॅरिस येथें मानवी हक्कांचा जाहीरनामा मान्य केला, हें प्रत्येक विद्यार्थी शिकतो. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यांत जो इंग्रजी शब्द होता त्याचा अर्थ 'सर्व पुरुष' असाही होऊं शके. भारताच्या प्रतिनिधि हंसाबाई मेहता यांनीं त्यास हरकत घेतली, आणि त्या जागीं 'सर्व मानव' ह्या अर्थाची शब्दयोजना आली. हंसाबाईंचा जन्म सुरतेचा. ज्या शहरांतील खटल्यानें बुलढाण्याच्या स्त्रीस लिहितें केलें, त्याच शहरांत जन्मलेल्या स्त्रीनें सहासष्ट वर्षांनंतर जगाच्या जाहीरनाम्यांतला हा शब्द बदलावा, हा योगायोग खरा. पण तो आपणांस कळला कसा? आयोगाच्या बैठकींतील भाषणांचीं टिपणें कोणीं तरी लिहिलीं व राखलीं, म्हणून कळला.

जाहीरनामा हा एक कागद झाला. त्याच्या पायाशीं लक्षावधि लहान कागद आहेत: तुरुंगांतून बाहेर आलेलें पत्र, साक्षीदाराचा जबाब, डॉक्टरचा दाखला, बेपत्ता मुलाच्या आईचा अर्ज, गांवकऱ्यांचा ठराव, एखादें छायाचित्र. काय असावें तें जाहीरनामा सांगतो. काय घडलें तें हे कागद सांगतात. अधिकारी मनुष्य 'असें घडलेंच नाहीं' असें म्हणाला म्हणजे त्यास उत्तर देण्याचें सामर्थ्य ह्या लहान कागदांतच असतें. आणि नेमके हेच कागद सर्वांत आधीं नाहींसे होतात. कांहीं वाळवी खाते, कांहीं माणसें खातात.

पवित्र शास्त्राच्या वाचकांस यिर्मयाची गोष्ट आठवेल. बत्तिसाव्या अध्यायांत तो आपल्या चुलतभावाचें शेत विकत घेतो. नगरास शत्रूचा वेढा पडलेला, देश हातचा जाणार हें उघड दिसत असलेलें. अशा वेळीं तो रुपें तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, आणि खरेदीखताच्या दोन प्रती, एक मोहोरबंद व एक उघडी, मातीच्या भांड्यांत घालून ठेवावयास बारूखास सांगतो, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकतील. छत्तिसाव्या अध्यायांत यहोयाकीम राजा संदेष्ट्याची गुंडाळी चाकूनें कापून शेगडींत टाकितो, आणि बारूख तो मजकूर यिर्मयाच्या तोंडून पुनः लिहून घेतो. दप्तर राखण्याचें निम्में शास्त्र ह्या दोन अध्यायांत आलें आहे, असें आमचें मत आहे. व्यवहार लेखी असावा, त्यास साक्षीदार असावेत, भांडें टिकाऊ असावें. आणि जो कागद जाळूं शकतो त्याच्या हातीं एकुलती एक प्रत राहूं देऊं नये.

एकच प्रत एकाच पक्षाच्या हातीं राहिली म्हणजे काय होतें, हें महाराष्ट्रानें १८७५ सालीं पाहिलें. त्या वर्षीं १२ मे रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांवर चाल केली, आणि तें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरलें. दंगेकऱ्यांचा रोख जिवांवर नव्हता. तो रोख्यांवर होता. कर्जरोखे व हुकूमनामे मागून घ्यावयाचे आणि जाळावयाचे, असा क्रम गांवोगांव चालला. कारण उघड होतें. आपण किती फेडलें ह्याची पावती बहुधा कुळाजवळ नसे. सावकाराच्या वहींत जें असेल तेंच न्यायालयांत खरें ठरे. ज्या कागदाची दुसरी प्रत आपल्यापाशीं नाहीं, तो कागद नाहींसा करणें एवढाच उपाय त्या निरक्षर कुणब्यांस सुचला. पुढें चौकशीमंडळ बसलें, आणि १८७९ च्या कायद्यानें गांवच्या निबंधकासमोर दस्त लिहिण्याची व कुळास पावती आणि हिशेब देण्याची व्यवस्था झाली. त्या कायद्यानें शेतकऱ्यांचें कितपत भलें झालें, ह्या वादांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. कुळाच्या हातींही एक कागद असला पाहिजे, ही गोष्ट सरकारास कबूल करावी लागली, हें आमच्या विषयापुरतें पुरे आहे.

आतां महाराष्ट्राबाहेर जाऊं. आफ्रिकेंतील काँगो देश बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खाजगी मालकीचा होता, आणि तेथील लोकांकडून रबर गोळा करवून घेण्यासाठीं त्याच्या कंपन्यांचे शिपाई अनन्वित जुलूम करीत. बॅरिंगा येथील मिशनच्या ठाण्यांत ॲलिस सीली हॅरिस नांवाची एक इंग्रज मिशनरी बाई होती. १९०४ च्या मे महिन्यांत न्साला नांवाचा एक मनुष्य तेथें आला. त्याच्या पांच वर्षांच्या मुलीस शिपायांनीं मारलें होतें, आणि तिचा तोडलेला हात व पाय पानांत गुंडाळून त्यानें बरोबर आणले होते. शाळेच्या वार्षिकांत अशी हकीकत द्यावी कीं न द्यावी, असा विचार आमच्या मनांत आला. परंतु त्या बाईंनीं तोंड फिरविलें असतें तर पुढचें कांहींच घडलें नसतें. त्यांनीं त्या बापास ओसरीवर बसवून छायाचित्र घेतलें. तें व त्यासारखीं दुसरीं चित्रें इंग्लंड-अमेरिकेंत जादूच्या कंदिलानें पडद्यावर दाखविण्यांत आलीं. त्याच वर्षीं ब्रिटिश वकील रॉजर केसमेंट यांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि ई. डी. मोरेल यांनीं काँगो सुधारणेसाठीं संस्था स्थापिली. लोकमत इतकें खवळलें कीं, १९०८ सालीं काँगो राजाच्या हातून काढून बेल्जम सरकारनें आपल्याकडे घेतला. ताबा देण्यापूर्वीं लिओपोल्डनें आपलें काँगोचें दप्तर ब्रुसेल्स येथें जाळविलें. भट्ट्या आठ दिवस पेटत होत्या, असें सांगतात. यहोयाकीमाचीच ही दुसरी आवृत्ति! राजाच्या प्रती राख झाल्या, परंतु मिशनऱ्यांचीं चित्रें, केसमेंट यांचा अहवाल व मोरेल यांचीं टिपणें राजाच्या हाताबाहेर होतीं. मोरेल यांचे कागद लंडनच्या अर्थशास्त्र विद्यालयांत आजही वाचावयास मिळतात.

दक्षिण अमेरिकेंत चिली देशांत ११ सप्टेंबर १९७३ रोजीं लष्करानें राज्य बळकावलें. माणसें रात्रीं उचलून नेलीं जात व नंतर त्यांचा पत्ता लागत नसे. निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्यांनीं व यहुदी समाजानें मिळून प्रथम एक समिति काढली. ती सरकारच्या दडपणानें बंद करावी लागली, तेव्हां सांतियागोचे कार्डिनल राऊल सिल्वा एन्रिकेस यांनीं १९७६ च्या आरंभीं धर्मप्रांताच्याच छत्राखालीं दुसरी संस्था उभी केली. तिचे वकील प्रत्येक बेपत्ता मनुष्यासाठीं न्यायालयांत अर्ज करीत. असे हजारों अर्ज झाले आणि जवळजवळ सगळे फेटाळले गेले. मग ते करण्यांत अर्थ काय होता? अर्थ हा कीं, प्रत्येक अर्जांत नांव होतें, नेल्याची तारीख होती, जागा होती, पाहणाऱ्यांचे जबाब होते. आणि प्रत्येक अर्जाची नक्कल संस्थेच्या कपाटांत राहिली. १९९० सालीं लोकशाही परत आल्यावर सत्यशोधनासाठीं जें मंडळ नेमलें गेलें, त्यास हें दप्तर आयतें मिळालें. फेटाळलेला अर्जही साक्षीदार असतो, हें चिलीच्या आयांनीं जगास दाखविलें. २००३ सालीं युनेस्कोनें चिलीच्या ह्या मानवी हक्क दप्तरांची जागतिक स्मृतिठेव्यांत नोंद केली.

शेजारच्या पॅराग्वे देशांतील गोष्ट उलट बाजूची आहे. मार्टिन अल्मादा हे तेथील एक शाळामास्तर. १९७४ सालीं त्यांस पकडून हाल करण्यांत आले, आणि ते हाल टेलिफोनवरून ऐकविले गेल्यानें त्यांच्या पत्नीचा अंत झाला. हुकूमशाही १९८९ सालीं पडली. पोलीस म्हणत, आमच्यापाशीं असे कागद नाहींतच. अल्मादा यांनीं शोध सोडला नाहीं. २२ डिसेंबर १९९२ रोजीं राजधानीजवळील लांबारे येथील एका पोलीसठाण्यांत, न्यायाधीशास बरोबर घेऊन ते शिरले, आणि ढिगांनीं रचलेलें दप्तर हातीं लागलें: अटकेच्या नोंदी, कैद्यांचीं छायाचित्रें, शेजारच्या देशांच्या पोलिसांशीं झालेला पत्रव्यवहार. जुलूम करणाऱ्यांनीं स्वतःच्या हातानें, सुवाच्य अक्षरांत, तारीखवार लिहून ठेविलें होतें. हा नजर ठेवणाऱ्याच्या वहीचा दुसरा दाखला. परंतु असा लाभ क्वचित् होतो. राज्यकर्ते घाईंत असले म्हणजे कधीं कधीं जाळावयाचें विसरतात, एवढ्यावर विसंबून कोणीं राहूं नये.

आपल्या भाषेच्या मुलुखांतील ज्या पुरुषानें ह्या कामाचें महत्त्व फार लवकर ओळखलें, ते डॉ. भीमराव आंबेडकर होत. १९४६ सालीं अमेरिकेंतील नॅशनल निग्रो काँग्रेस ह्या संस्थेनें, त्या देशांतील काळ्या लोकांवर होणाऱ्या अन्यायाविषयीं संयुक्त राष्ट्रांकडे एक अर्ज केला. वर्तमानपत्रांत ती बातमी वाचून आंबेडकरांनीं अमेरिकेंतील विद्वान् पुढारी ड्युबॉइस यांस पत्र लिहिलें, आणि त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मिळतील तर पाठवाव्या, अशी विनंति केली. आपल्या देशांतील अस्पृश्यांची स्थिति व अमेरिकेंतील काळ्यांची स्थिति यांत पुष्कळ साम्य असल्यानें आपण त्यांचा अभ्यास केला आहे, आणि अस्पृश्यांनींही असाच मार्ग अवलंबावा असा विचार चालला आहे, असें त्यांनीं कळविलें. ड्युबॉइस यांनीं ३१ जुलै १९४६ रोजीं आदरानें उत्तर दिलें. एका देशांतील दुबळ्यांनीं लिहिलेला अर्ज दुसऱ्या देशांतील दुबळ्यांच्या पुढाऱ्यानें नमुन्यादाखल मागवावा, ह्याहून दप्तराचा उपयोग तो कोणता? आणि हें आपणांस आज सांगतां येतें तें अशासाठीं कीं, ड्युबॉइस आलेलें पत्र तर राखीतच, परंतु आपण पाठविलेल्या उत्तराची नक्कलही राखीत. दोन्ही कागद मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आहेत.

स्वतः आंबेडकरांच्या कागदांचें भाग्य इतकें सरळ नव्हतें. ते १९५६ सालीं निवर्तले. त्यांचीं हस्तलिखितें दीर्घकाळ कुलुपांत पडून राहिलीं. महाराष्ट्र सरकारनें प्रकाशनाचें काम हातीं घेतलें, आणि नागपूरचे वसंत मून यांच्या संपादनाखालीं त्यांच्या लेखनाचा व भाषणांचा पहिला खंड १९७९ सालीं बाहेर पडला.

आंबेडकर १९१३ पासून १९१६ पर्यंत ज्या कोलंबिया विद्यापीठांत शिकले, त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आज मानवी हक्कांच्या दप्तरांचें एक मोठें केंद्र आहे. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलची अमेरिकन शाखा, ह्यूमन राइट्स वॉच इत्यादि संस्थांचे कागद तेथें ठेविले आहेत. २००८ पासून हें केंद्र जगांतील लहानमोठ्या हक्कसंस्थांचीं संकेतस्थळेंही नियमानें नकलून ठेवीत आहे. कारण कागदास वाळवी लागावयास पांच-पंचवीस वर्षें लागतात, संकेतस्थळ मात्र वर्षाचें भाडें थकलें कीं एका रात्रींत नाहींसें होतें. ॲम्नेस्टीची स्थापना १९६१ सालीं लंडनमध्यें झाली. तिच्या मुख्य कचेरीचें दप्तर हॉलंडांत ॲमस्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्थेंत आहे. ही संस्था १९३५ ची. जर्मनींत नाझी सत्ता आल्यावर ज्यांचे कागद धोक्यांत आले, त्यांचीं दप्तरें परक्या देशांत सुरक्षित ठेवण्याच्या हेतूनें ती वाढली. तेथेंही तत्त्व तेंच: आरोप ज्याच्यावर आहे त्याच्या हद्दीबाहेर एक प्रत. १९८२ सालीं ह्युरिडॉक्स नांवाची एक संस्था निघाली. तिनें नोंदी करण्याचे नमुने तयार केले, म्हणजे कोणावर, कोणीं, कोठें, केव्हां, काय केलें, आणि हें सांगणारा कोण, ह्याचीं उत्तरें प्रत्येक नोंदींत एकाच क्रमानें यावींत व निरनिराळ्या देशांच्या नोंदी ताडून पाहतां याव्यात. ही सुधारणा वरवर क्षुल्लक दिसते, पण आमच्या समजुतीनें ती फार मोठी आहे. हजार करुण पत्रांनीं जें सिद्ध होत नाहीं तें एका रीतसर मांडलेल्या नोंदवहीनें होतें.

आतां आपल्या घराकडे वळूं. बुलढाणें जिल्ह्याच्या कागदांची एक विशेष अडचण आहे. वऱ्हाड १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला व हैदराबादच्या रेसिडेंटकडे राहिला. १९०३ सालीं मध्यप्रांतास जोडला गेला. १९५६ सालीं मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. जिल्हा आहे तेथेंच आहे, राजधानी मात्र हैदराबाद, नागपूर, मुंबई अशी फिरत गेली, आणि तिच्यामागें दप्तरेंही फिरलीं. ताराबाईंच्या काळचा एखादा कागद शोधणाऱ्यास नागपूरचें पुराभिलेखागार, मुंबईचें मुख्य दप्तर, दिल्ली आणि लंडन इतकीं दारें ठोठवावीं लागतात. म्हणून गांवांत, घरांत, मंडळींत जे कागद आहेत त्यांची किंमत अधिक.

परंतु जुन्याच कागदांकडे पाहून भागणार नाहीं. विदर्भांत शेतकऱ्यांच्या आत्महत्त्या वाढल्या, तेव्हां १ जुलै २००६ रोजीं पंतप्रधान मनमोहन सिंग यांनीं सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांची योजना जाहीर केली. त्या सहांत बुलढाणें होतें. त्याच वर्षींच्या जानेवारींतील शासननिर्णयानें मृताच्या कुटुंबास एक लक्ष रुपये साह्य ठरविण्यांत आलें. तें मिळण्यास विधवेनें काय दाखवावयाचें? जमीन कुटुंबाच्या नांवें असल्याचा सातबारा, बँकेच्या वा परवानाधारक सावकाराच्या कर्जाचा दाखला, वसुलीचा तगादा, पोलिसांचा पंचनामा, शवचिकित्सेचा अहवाल. ज्याची जमीन चुलत्याच्या नांवें होती, ज्यानें तोंडी बोलीवर बटाईनें शेत केलें होतें, ज्यानें बिनपरवाना सावकाराकडून पैसा उचलला होता, त्याचें प्रकरण 'अपात्र' ठरण्याचा संभव मोठा. दुःख सारखेंच, ऋणही सारखेंच, फरक कागदाचा. आणि बाई सगळी चवड कचेरींत मूळच देऊन बसली, नक्कल ठेविली नाहीं, म्हणजे पुनः दाद मागण्याचें साधनच तिच्या हातीं उरत नाहीं.

येथें शिकलेल्या मुलांस करण्यासारखें काम आहे. आपल्या गांवांतील अशा घरीं जाऊन, त्यांची इच्छा असेल तर, प्रत्येक अर्जाची नक्कल करून द्यावी. कचेरीनें पोंच म्हणून शिक्का मारलेली प्रत घरीं ठेवावयास सांगावें. अर्ज फेटाळला गेला तर तो फेटाळल्याचा कागदही फेंकूं देऊं नये. चिलीची गोष्ट सांगावी. कचेरींतील कागद पाहावयाचा असेल तर १२ ऑक्टोबर २००५ पासून अंमलांत आलेल्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें तो मागतां येतो, व सामान्यतः तीस दिवसांत उत्तर द्यावें लागतें. हा कायदा मुलांनीं वादविवादसभेंत पाठ म्हणण्यापेक्षां एकदां वापरून पाहावा, अशी आमची सूचना आहे.

कागद राखण्याविषयीं चार व्यावहारिक गोष्टी सांगून लेख पुरा करितों. वऱ्हाडांत उन्हाळा कागदास कोरडा करून मोडका करितो आणि पावसाळा त्यास बुरशी आणितो. म्हणून दप्तर भिंतीला टेकवून वा जमिनीवर ठेवूं नये, फळीवर ठेवावें, आणि दसऱ्याच्या सुमारास उघडून सावलींत वारा द्यावा, ऊन नव्हे. जुने कारकून सुती रुमालांत बस्ता बांधीत, तें उत्तम. प्लॅस्टिकच्या पिशवींत ओल कोंडते. टांचणी गंजून डाग पाडते, गोंदानें किडीस आमंत्रण जातें. मूळ कागदावर चकचकीत पातळ आवरण चिकटवून घेण्याची जी चाल पडली आहे, ती फार वाईट. तें आवरण पुनः सुखरूप निघत नाहीं. वर्तमानपत्राचीं कात्रणें चांगल्या कागदांत मिसळूं नयेत, कारण त्या कागदांतलें आम्ल शेजारच्या पानासही पिवळें करितें. कात्रणावर पत्राचें नांव व तारीख लिहिली नाहीं तर तें कात्रण चूल पेटविण्याच्याच उपयोगाचें. छायाचित्राच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीनें, हलक्या हातानें, माणसांचीं नांवें, जागा व वर्ष लिहावें. आणि एका मनुष्याचे वा एका संस्थेचे कागद ज्या क्रमानें मिळाले त्याच क्रमानें राहूं द्यावे. विषयवार लावण्याचा मोह अनेकांस होतो, परंतु कोणत्या पत्रानंतर कोणतें पत्र आलें हीच कित्येकदां मुख्य साक्ष असते, आणि ती एकदां मोडली म्हणजे पुनः जुळत नाहीं.

शेवटची गोष्ट सर्वांत नाजूक. सर्वच कागद सर्वांस दाखवावयाचे नसतात. ज्या बाईनें मारहाणीविषयीं सांगितलें, ज्या मजुरानें मालकाविरुद्ध जबाब दिला, त्यांस त्याच गांवांत राहावयाचें असतें. म्हणून जबाब घेतांनाच विचारावें: हें कोणास दाखवूं, नांवासह दाखवूं कीं नांवावांचून? नाहीं म्हटलें तर तो शब्द पाळावा, मग कागद कितीही मोलाचा असो. चांगल्या दप्तरखान्यांत अशा कागदांच्या दोन प्रती असतात. एकींत नांवाच्या जागीं क्रमांक घातलेला असतो, आणि ती अभ्यासकांस मिळते. दुसरी, नांवांसह, जाड पाकिटांत बंद करून निराळ्या कपाटांत ठेवितात, व तें पाकीट कोणत्या वर्षीं आणि कोणाच्या संमतीनें उघडावयाचें, हें वरच शाईनें लिहून ठेवितात.